अंधारात नेम नाही

फेब्रुवारी अर्धा सरला की सांगलीत हळदीचे सौदे सुरू होतात. यार्डाच्या बाजूनं वारा सुटला की घसा खवखवतो, दोरीवरचे कपडे पिवळसर पडतात, आणि पांढरी साडी नेसून बाहेर पडायची माझी तरी छाती होत नाही. शहराचा हा हळदीचा हंगाम, माझा मात्र प्रॅक्टिकलचा. मी इथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यामुळे बाहेरची हळद, आतलं स्पिरिट, तापलेल्या वायरीचं रबर आणि घाबरलेल्या मुलांचा घाम असा सगळा मिळून एक वास मला दरवर्षी या दिवसांत येतो. नवरा म्हणतो, तुझं नाक बिघडलंय. असेलही. पण त्या वासानं मी दरवर्षी एकदा तरी वीस वर्षांची होते, आणि दरवर्षी एकदा तरी मला माझी लाज वाटते.

यंदा त्यात भर पडली. बाहेरची परीक्षक म्हणून नेमणुकीचं पत्र आलं, आणि कॉलेज कुठलं, तर साताऱ्याचं, जिथं मी स्वतः बी.एस्सी. केलं तेच. आठ वर्षांत मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. लोणंदला माहेरी जाताना एसटी त्या कॉलेजच्या फाटकासमोरून जायची, तेव्हा मी हटकून दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायची. पत्र वाचलं आणि घडी करून उशीखाली सारलं. परीक्षक मी, आणि परीक्षेला घाबरलेलीही मीच. म्हणजे कमालच झाली.

नव्वदीची सुरुवात होती ती. मी शेवटच्या वर्षाला. प्रयोगशाळेच्या खिडक्या अजिंक्यताऱ्याच्या बाजूला उघडायच्या आणि दुपारी बारानंतर त्यांतून ऊन असं आत यायचं की मोजपट्टीवरचे आकडे दिसेनासे व्हायचे. खिडक्यांना एरवी काळे पडदे असायचे. त्या वर्षी ते स्नेहसंमेलनाच्या नाटकाला नेले होते. नाटक जानेवारीत होऊन गेलं, बक्षीसही मिळालं, पडदे काही परत आले नाहीत.

"मामा, पडदे कधी येणार?" मी विचारायची.

"राजाच्या दरबाराला लावल्यात न्हवं," मोहितेमामा म्हणायचे. "आजून दरबार सुटला न्हाई."

मोहितेमामा आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. गाव कडेगावकडचं. भाऊ घरचा ऊस बघायचा आणि मामा सैन्यातून, सिग्नलच्या कंपनीतून, पंधरा वर्षं काढून परत आले होते. खाकी पँट, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशी कापूस पिंजल्यासारखी. बोलणं कडेगावचं, पण मधूनच एखादा हिंदी हुकूम सुटायचा. उपकरणं ते अशी हाताळायचे की आमच्या काही प्राध्यापकांनी बघून शिकावं. पण प्राध्यापक त्यांच्याशी बोलायचे ते दोनच विषयांवर. चहा, आणि किल्ल्या.

त्यांच्या लाकडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक यादी होती. पेन्सिलीनं, थेट लाकडावर लिहिलेली. कुठल्या भिंगाचं केंद्रांतर किती, कुठल्या तारेचा रोध किती, कुठल्या लंबकाचा काळ किती. मामांनी ती लिहिली होती स्वतःसाठी, एखादं उपकरण बिघडलं तर पटकन कळावं म्हणून. पण पोरांना काय, आयतं घबाड. मामा चहा आणायला गेले की आम्ही कपाटाचं दार किलकिलं करायचो आणि आपापला आकडा पाठ करून घ्यायचो. मग प्रयोगात काहीही येवो, जर्नलमध्ये कपाटाचाच आकडा उतरायचा. वर्षानुवर्षं त्या जर्नलांवर बरोबरच्या खुणा होत आल्या होत्या. मामांना हे ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले होते, "ह्ये आकडं लिवल्याचा मला लय पस्तावा हुतो बग. आता बगायचंच कुनी न्हाई."

त्या यादीत एक ओळ होती. निऑन, पेटतो ८२, विझतो ६६.

निऑनचा तो दिवा म्हणजे करंगळीच्या पेराएवढी काचेची नळी. आत दोन तारा, एकमेकींना न शिवलेल्या. टेस्टरमध्ये असतो ना, तसलाच. प्रयोग साधा. व्होल्टेज हळूहळू वाढवायचं, दिवा कितीवर पेटतो ते लिहायचं. मग हळूहळू कमी करायचं, कितीवर विझतो ते लिहायचं. गंमत अशी की पेटायला जास्त लागतं आणि पेटलेलं राहायला कमी. हे का, ते पुस्तकात दिलं होतं आणि मी ते घोकलं होतं. नळीत थोडासा वायू असतो. त्यात एखादा सुटा इलेक्ट्रॉन असला की व्होल्टेज त्याला ओढतं. तो धावतो, वायूच्या अणूवर धडकतो. धडक जोराची असली तर त्या अणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. मागं उरलेला अणू, म्हणजे आयन, उलट्या दिशेनं जाऊन तारेवर आपटतो आणि तिथून आणखी इलेक्ट्रॉन उडवतो. असं एकदा चालू झालं की मग त्यांचं ते चालत राहतं, थोडक्या व्होल्टेजवरसुद्धा. धडकांमध्ये काही अणू नुसतेच चेतवले जातात, ते शांत होताना नारिंगी उजेड टाकतात. तो आपल्याला दिसतो.

वायू अगदी दाटही नको आणि अगदी विरळही नको, हे मला आमच्या लोणंदनं शिकवलं. कांद्याच्या बाजाराच्या दिवशी त्या गर्दीत दोन पावलं धावून बघा. वेग घ्यायच्या आधीच कुणाच्या तरी पोत्यावर आदळाल, आणि तेही इतकं हळू की पोतं हलायचंसुद्धा नाही. आणि बाजार उठल्यावर त्याच मैदानात हवं तेवढं पळा, धडकायला कुणी नाही. धडक जोरात बसायची तर मधली गर्दी हवी. बाजार सुटायच्या वेळची. मी तोंडी परीक्षेत हे उदाहरण द्यायचं ठरवून ठेवलं होतं. दिलं नाही, तो भाग वेगळा.

आमचे वडील रेल्वेत गँगमन. लोणंदच्या त्या क्वार्टरमध्ये एक ट्यूबलाइट होती. उन्हाळा लागला की आजूबाजूच्या शेतांतल्या मोटारी चालू व्हायच्या, व्होल्टेज बसायचं, आणि संध्याकाळी ट्यूब लागता लागायची नाही. टोकांना लालसर डोळे मिचकावत बसायची. वडील दिवसभर रुळांवर वाकून आलेले, तसेच स्टुलावर चढायचे, स्टार्टर फिरवायचे, ट्यूबच्या अंगावर टिचकी मारायचे. "उठ बाई, उठ, पोरीचा अभ्यास हाय," असं तिला मनवायचे. एकदा लागली की मग व्होल्टेज आणखी पडलं तरी ती विझायची नाही. आई म्हणायची, "तुमच्यासारखीच हाय. उठायला जड, उठली की बसत न्हाई." आजोबांनी छप्पन सालानंतर घरातले जुने देव नदीत सोडले आणि पोरांना शाळेत घातलं. वडील सातवीपर्यंत पोचले. मी त्या ट्यूबखाली बसून बी.एस्सी.पर्यंत. आता पुढं कोल्हापूरला एम.एस्सी. करायचं तर पहिला वर्ग हवा होता. जागा थोड्या, आणि माझे लेखी पेपर बेताचे. सगळी भिस्त प्रॅक्टिकलवर होती. वडील काही बोलायचे नाहीत. पण त्यांनी स्टेशनमास्तरांना, चहावाल्याला, शेजारच्या क्वार्टरमधल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी कोल्हापूरला जाणार. त्यांच्या त्या सांगण्याची मला धास्तीच बसली होती.

तर फेब्रुवारीतली ती दुपार. सरावाला मी एकटीच होते, आणि मामा. उन्हाच्या झळाळीत तो बारका दिवा पेटला की नाही तेच दिसेना. मी ओढणीची सावली केली, जर्नल आडवं धरलं, काही उपयोग नाही.

"थांब, रडू नगंस," मामा म्हणाले. त्यांनी चहापत्तीचा रिकामा डबा आणला, खिळ्यानं बाजूला एक भोक पाडलं, तळाला दुसरं भोक पाडून दिव्याच्या वायरी आत घेतल्या आणि झाकण लावलं. "घे, तुला थेटर करून दिलं. येक डोळा लाव आन पिच्चर बग."

मी डोळा लावला. आत मिट्ट काळोख. व्होल्टेज वाढवत नेलं. ऐंशी. ब्याऐंशी. काही नाही. नव्वद झालं, शंभर झालं, मी म्हटलं वायर निघाली. आणि एकशे आठला टप्पकन पेटला. मी कमी करत आणलं, सहासष्टला विझला. जरा थांबून पुन्हा केलं. आता सत्त्याण्णवला पेटला. पुन्हा केलं, एकशे तेरा. विझताना मात्र दर वेळी सहासष्ट. झाकण काढून उजेडात केलं, की मुकाट ब्याऐंशी, अगदी कपाटात लिहिल्याप्रमाणे. झाकण लावलं की पुन्हा मनाचा कारभार.

"मामा, दिवा बिघडला," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

मामा हसले नाहीत. ते माझ्या शेजारी वाकून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू गर्दीत कुणी त्यांना जुन्या नावानं हाक मारली.

"तुला बी दिसलं व्हय?" ते म्हणाले. "म्हंजी माझं डोळं चांगलं हुतं तर."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. डोंगरावरच्या एका ठाण्यात ते वायरलेस सेटवर होते. जमिनीत खणलेली खोली, दार लावलं की दिवसाही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. सेटवर असाच एक बारका निऑन, सेट चालू झाला की लागणारा. बटन दाबलं की तो लागायचाच नाही. मामा टॉर्च काढून बघायला जायचे, काय बिघडलं म्हणून, तर टॉर्चचा उजेड पडताक्षणी दिवा लागायचा. पुन्हा पुन्हा तेच. सोबतचे जवान म्हणायचे, मोहिते, ते तुला लाजतंय. मामांनी एकदा साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, जल गया ना? बस, अपना काम करो.

"लय वरसं झाली," मामा म्हणाले. "ज्येला बगायला उजेड न्ह्यायाचा, त्यो उजेड न्हेल्यावरच लागतो. मंग आंधारात त्येला काय हुतंय? हितं आल्यावर वाटलं, येवढं शिकल्याली मानसं हायत, ईचारावं. पर शिपायानं ईचारायचं कसं गं? चा घिऊन जायाचं आन मधीच, सर, ह्यो दिवा लाजतोय का, म्हनायचं?"

"मी विचारते मामा," मी म्हटलं.

"कुनाला?"

"परीक्षेला बाहेरचे सर येतील ना, त्यांना. मोठे असतात ते."

"ईचार," मामा म्हणाले. "माझं नाव घिऊ नगंस. तुजं म्हनून ईचार. पर काय सांगितलं त्ये मला यिऊन सांग." मग थोडं थांबून, लहान मुलानं खाऊ मागावा तसं त्यांनी विचारलं, "ईसरनार न्हाईस न्हवं?"

मी विसरणार नव्हते. विसरलेही नाही. तेच तर दुखणं आहे.

परीक्षेच्या दिवशी आम्ही ओळीनं उभे राहून टेबलावरच्या चिठ्ठ्या उचलल्या. त्याआधी रिवाजाप्रमाणे कपाटाचं दार उघडून सगळ्यांनी एकेक नजर मारलेली होतीच, मीही. माझ्या चिठ्ठीत निऑन. आनंद झाला. टेबलावर गेले तर उपकरणं मांडलेली, आणि त्यांच्या शेजारी तो चहापत्तीचा डबा. घासून लख्ख केलेला. मामांनी मुद्दाम आणून ठेवला होता.

बाहेरून आलेले परीक्षक गोरेपान, सोनेरी चष्म्याचे. माझ्या आधीच्या मुलाला त्यांनी तोंडी परीक्षेत असा सोलला होता की त्याच्या तोंडून स्वतःचं नाव निघेना. एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही की ते त्याच प्रश्नाचं पोट फोडून आणखी चार प्रश्न काढायचे. माझ्या पाचावर धारण बसली. मी डबा उचलला आणि टेबलाखाली, पायांशी ठेवून दिला. उजेडात प्रयोग केला. ब्याऐंशी, सहासष्ट. आलेख काढला, गणित सोडवलं. सर आले, वही बघितली, दोन-तीन सोपे प्रश्न विचारले. मला सगळं येत होतं. मामा चहाचा ट्रे घेऊन दारातून आत येत होते.

"छान," सर म्हणाले. "प्रयोग करताना काही वेगळं आढळलं का? काही विचारायचंय?"

मामा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबले. कपबशा किणकिणल्या आणि त्यांनी त्या दुसऱ्या हातानं धरल्या. मला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. माझ्या मनात आलं, विचारलं तर सर म्हणतील, तूच सांग का ते. मला ते सांगता यायचं नाही. मग पोट फोडून चार प्रश्न. मग कोल्हापूर गेलं. मग वडील स्टेशनमास्तरांना काय सांगतील?

"नाही सर," मी म्हटलं.

मामांनी पुढं येऊन सरांसमोर चहा ठेवला. साखर हलवलेली आहे, असं काहीतरी म्हणाले. जाताना वाकून टेबलाखालचा डबा उचलला आणि घेऊन गेले. माझ्याकडं रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नेहमीसारखंच बघितलं.

मला पहिला वर्ग मिळाला. वडिलांनी लोणंद स्टेशनावर पेढे वाटले. मी कोल्हापूरला गेले. तिथं पहिल्याच वर्षी एका सरांनी वायूंतून वीज कशी वाहते ते शिकवायला घेतलं, आणि एका सकाळी, खडूचे हात झटकत, अगदी सहज म्हणाले, "पण हे सगळं सुरू व्हायला पहिला एक इलेक्ट्रॉन लागतो. तो नसेल तर कितीही व्होल्टेज द्या, ओढायचं कुणाला? उजेड असला तर तो तारेवर पडून एखादा सुटा करतो. अंधारात मात्र योगायोगानं एखादा येईल तोवर वाट बघत बसायचं. म्हणून अंधारात पेटण्याचा नेम नसतो." पुढच्या बाकावर बसून मला एकदम रडू आलं. शेजारच्या मैत्रिणीला वाटलं, घरची आठवण आली. मी त्याच दिवशी पोस्टकार्ड आणलं. "ती. मोहितेमामांस" एवढं लिहिलं आणि पुढं लिहायला हात धजेना. कारण उत्तर लिहायचं तर आधी ते 'नाही सर' लिहावं लागलं असतं. ते कार्ड कित्येक महिने पुस्तकात खूण म्हणून होतं. मग नोकरी, लग्न, सांगली. माणसाला मूग गिळून बसायचं असलं की निमित्तं काय, हवी तेवढी सापडतात.

यंदा परीक्षक होऊन गेले. कॉलेजात माझं फार अगत्य झालं, पोहे, केळी, खुर्चीवर टर्किश टॉवेल. खिडक्यांना नवे पडदे. शिपाई तरुण, चटपटीत. मोहितेमामा चार वर्षांमागं निवृत्त होऊन गावी गेले, असं त्यानं सांगितलं. परीक्षा संपली, मुलं गेली, तो किल्ल्या आणायला गेला आणि मी कोपऱ्यातलं ते लाकडी कपाट उघडलं. तिथं बसून दिवसभर दुसऱ्यांना मार्क दिले होते, पण दाराला हात लावताना मी चोरासारखं मागं वळून बघितलंच.

यादी तशीच होती. भिंगं, तारा, लंबक. निऑन, पेटतो ८२, विझतो ६६. आणि त्याच्यापुढं, जराशा जाड पेन्सिलीनं, त्याच हाताची, दाटीवाटीनं लिहिलेली ओळ:

उजेडात. आंधारात नेम न्हाई. लोनंदच्या पोरीनं बगितलं.

मी त्या ओळीवरून बोट फिरवलं. परीक्षेच्या सकाळी मी ही यादी बघितली होती, तेव्हा ही ओळ नव्हती. म्हणजे मामांनी ती नंतर लिहिली. मी 'नाही सर' म्हटल्यानंतर. मी जे नाकारलं, ते त्यांनी माझ्या नावावर लिहून ठेवलं होतं. आणि शिकलेली कोण? तर मी.

रविवारी मी कडेगावची एसटी धरली. मांडीवर पिशवी, पिशवीत आमच्या कॉलेजचा व्होल्टेज कमी-जास्त करायचा पेटारा, निऑनचा दिवा आणि घरातला चहापत्तीचा डबा. कंडक्टरनं पिशवीला हात लावून बघितला. "काय हाय बाई, बाँब हाय का?" मी म्हटलं, दिवा आहे. तो म्हणाला, "येवढ्या वजनाचा?" रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या आणि बस मागून रांगत होती. मला एकीकडं लवकर पोचावंसं वाटत होतं, आणि एकीकडं ट्रॉल्यांचे आभार मानावेसे वाटत होते.

मामा अंगणात शेंगा निवडत बसले होते. मिशी आता जरा विरळ. मी फाटकाशी उभी राहिले तर डोळ्यांवर हात धरून त्यांनी बघितलं.

"लोनंद?" ते म्हणाले.

"व्हय मामा," मी म्हटलं. घराबाहेर कधी नव्हे ते माझ्या तोंडून घरचं 'व्हय' निघालं.

मामींनी भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक पुढं ठेवलं. मी घास घ्यायच्या आधीच सगळं बोलून टाकलं. सरांनी विचारलं होतं, मी नाही म्हटलं, मार्क जातील म्हणून घाबरले, उत्तर पुढच्याच वर्षी कळलं, तरी सांगितलं नाही. एका दमात. मामींना काही उमगलं नसावं, पण त्या पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या.

"त्ये मी बगितलंच की," मामा म्हणाले. "घाबरली हुतीस. मी बी त्या सायबाफुडं घाबरलोच हुतो न्हवं? तुला काय बोलायचं?" मग शेंग फोडत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पर आठ वरसं लय झाली गं. मला वाटायचं, आज कार्ड यील, उद्या यील."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं नाही.

"रडू नगंस. काय कारन हाय त्ये सांग आता."

मी सांगायला लागले. पहिला इलेक्ट्रॉन, धडक, एकाचे दोन. मामांनी हात वर केला.

"तोंडानं नगं. बगितल्याबिगार मला पटत न्हाई. दावायला आनलंयस न्हवं?"

पण लाइट गेलेली होती. दुपारी दोनला यायची. आम्ही वाट बघत बसलो. मामी मला माहेरचं, सासरचं विचारत राहिल्या. रस्त्यावरून ट्रॉल्या जात होत्या आणि गल्लीतली पोरं मागं पळून ऊस ओढत होती. मामांनी तेवढ्यात डब्याला खिळ्यानं भोकं पाडली. आठ वर्षांनी तसाच खिळा, तेच मनगट. मला किती तरी दिवसांत इतकं निवांत वाटलं नव्हतं.

दोनच्या पुढं कधीतरी स्वयंपाकघरातला बल्ब लागला. मी पेटारा जोडला, दिवा डब्यात घातला, झाकण लावलं. मामांनी भोकाला डोळा लावून ते झाकून टाकलं. मी व्होल्टेज वाढवत नेलं आणि नव्वदला थांबवलं.

"न्हाई लागला," ते म्हणाले.

"वाट बघतोय तो," मी म्हटलं. "ओढणारं जोरात ओढतंय, पण ओढायला आत कुणी नाही. सगळे अणू आपापल्या जागी गप्प बसलेत. एक सुटा लागतो मामा, फक्त पहिला. मग बाकीच्यांना तो उठवतो. आता झाकण जरासं उचला."

मामांनी दोन बोटांनी झाकणाची कड उचलली. उन्हाची एक बारीक चीर आत गेली आणि दिवा टप्पकन लागला. मामा दचकले. मग त्यांचा श्वास सुटला, खोल, फार दिवसांचा कोंडलेला.

"आरं तिच्या," ते म्हणाले. "म्हंजी लाजत नव्हता. येकटा हुता."

"व्हय."

"आन माझ्या टार्चनं त्यो पैला सुटायचा."

"तुमच्याच टॉर्चनं."

ते कितीतरी वेळ तसेच डोळा लावून बसले. डोळा जरा मागं घेतला तेव्हा नारिंगी ठिपका त्यांच्या बुबुळात दिसला. मग त्यांनी झाकण हळूच परत लावलं, तळहातानं दाबून बसवलं, आणि पुन्हा भोकाला डोळा लावला.

"पोरी," ते म्हणाले, "आता झाकलं तरी जळतोय की गं."